एकतीस रकान्यांचं पुस्तक

तारामतीबाईंचं पुस्तक दुकानात मिळत नाही. ते एकच आहे, हातानं लिहिलेलं, आणि गेली पंचवीस वर्षं ते जुन्या जिल्ह्याच्या गावी, एका कचेरीच्या दप्तरखान्यात लाल कापडात बांधून पडलं आहे. त्याला नाव नाही आणि लिहिणारीचंही नाव त्यावर कुठं नाही. ते तिथं अडकून राहिलं याला थोडी मी कारण आहे, म्हणून बाईंची हकिकत मीच लिहिलेली बरी.

बाई अहमदपूरकडच्या. वडील छप्पन्न साली बौद्ध झाले आणि त्यानंतर त्यांनी एकच हट्ट धरला, की पोरगी मास्तरीण होणार. ती झाली. एकाहत्तर साली बावीस वर्षांच्या तारामतीबाई पत्र्याची ट्रंक आणि एक कंदील घेऊन आमच्या गावच्या शाळेवर रुजू झाल्या. लग्न झालेलं होतं. नवरा नांदेडला नोकरीला. त्यानं निरोप पाठवला, नोकरी सोड आणि ये. बाईंनी उलट निरोप पाठवला, बदली मिळाली की येते. बदली मिळेपर्यंत त्यानं दुसरं लग्न केलं होतं. एवढंच बाई मला एकदा बोलल्या, तेही भाजी निवडता निवडता, आणि पुढं लगेच मेथीला कीड लागलीय म्हणाल्या.

आमचं गाव देवणीच्या पलीकडे, सरहद्दीला लागून. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पहिल्या दिवशी बाईंनी पहिलीच्या वर्गाला "बसा" म्हटलं, तर अर्धी पोरं उभी राहिली आणि अर्धी दाराकडे निघाली. एका मुलीला त्यांनी नाव विचारलं. ती रडायला लागली. बाईंना कन्नडचं अक्षर येत नव्हतं. गावात त्यांना घर कुणी दिलं नाही. त्या शाळेच्या मागच्या खोलीत राहायच्या, जिथं आधी नकाशे आणि मोडकी बाकं ठेवत. आडावर गेल्या की लांब उभ्या राहायच्या. कुणी बाई आली की ती वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायची. बहुतेक वेळा ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा.

"रविवार लई मोठा असायचा," बाई म्हणायच्या. "शनिवारी दुपारी पोरं गेली की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. गावात बोलणं चालूच असायचं, सगळीकडनं ऐकू यायचं. कळायचं मात्र काहीच नाही. मग मी धडे मोठ्यानं वाचायचे. रिकाम्या वर्गाला."

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही धड आला नव्हता. ज्वारीचं चिपाड उरलं नाही तेव्हा गाव दुष्काळी कामावर गेलं. तीन मैलांवर सडक होत होती आणि त्या सडकेला खडी लागत होती. बाया दगड फोडायच्या आणि पोरं त्यांच्या जवळ धुळीत बसायची, कारण कामावर सुकडी मिळायची आणि घरी काही नव्हतं. शाळेत बाई एकट्या. आठ दिवस त्यांनी रिकाम्या वर्गाची हजेरी घेतली. नवव्या दिवशी शाळेला कुलूप घातलं आणि फळा डोक्यावर घेऊन सडकेच्या कामावर गेल्या. बाभळीखाली शाळा भरवली.

लिहायला कागद नव्हता. कामावरच्या मस्टर कारकुनाकडे एक कोरं मस्टर पडून होतं. त्याची शिवण उलटी बसलेली होती म्हणून ते त्याला चालत नव्हतं. ते त्यानं बाईंना दिलं. मस्टर म्हणजे मजुरांच्या हजेरीची वही. डावीकडे नाव, मग महिन्याच्या तारखांचे एकतीस रकाने, आणि शेवटी अंगठ्यासाठी जागा.

बाईंना एवढंच करायचं होतं, की पोरांचे घरचे शब्द लिहून घ्यावेत आणि त्यांच्याखाली शाळेतले लिहावेत. सुरुवात सिद्धम्मांपासून झाली. अव्वा, आम्ही सिद्धम्मांना असंच म्हणायचो, दगड फोडत होत्या. बाईंनी विचारलं, याला काय म्हणता?

"कल्लु," अव्वा म्हणाल्या. "तुमच्यात?"

"दगड. तो दगड."

"तो? आनि ही टोपली?"

"ती टोपली."

"दगड बापय आनि टोपली बाई?" अव्वांनी शेजारणीकडे बघितलं. "मग तुमच्या दगडाला सांगा, बापय हायेस तर आपलं आपन फूट."

सगळ्या बाया हसल्या. बाईंनी मस्टरच्या पहिल्या रकान्यात वर 'कल्लु' लिहिलं, खाली 'दगड'. आणि रकान्यांच्या आधी, नावाच्या जागी, सिद्धम्मा. ते बघून अव्वांनी हात थांबवला. लिहिता येत नसलं तरी मस्टर कसं दिसतं हे त्या रोज बघत होत्या.

"माझं नाव लिवलं?"

"तुमचा शब्द आहे ना. म्हणून."

"मग एकच दीस का भरला? बाकीचे खाडे?"

तिथून ते पुस्तक झालं. कामावर खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि कुठल्याच बाईला आपल्या नावापुढं खाडा नको होता. प्रत्येकीला एकतीसच्या एकतीस रकाने भरायचे होते. बाया जेवायच्या सुट्टीत रांग लावायच्या. बाईंनी एक नियम केला होता, की वस्तू दाखवायची, मग शब्द सांगायचा. काम असेल तर करून दाखवायचं. म्हणून नागुबाईनं भर उन्हात ताक घुसळायचं सोंग केलं आणि मज्जिगे लिहून घेतलं. गौरम्मानं बाभळीची सावली दाखवली. एकीनं भूक कशी दाखवायची म्हणून बराच विचार केला आणि नुसती बसून राहिली, तर बाकीच्या म्हणाल्या, लिवा बाई, दिसलं. एकतीस भरले की शेवटी अंगठा. बाई म्हणाल्या, अंगठ्याची गरज नाही. बाया ऐकेनात. अंगठा न घेता लिहिलेलं धरत नाहीत, एवढं त्यांना कामावर कळलं होतं. कारकुनाची शाईची डबी मागून आणावी लागली.

पाऊस पडेपर्यंत छप्पन्न पानं भरली होती. बाई तेवढ्या दिवसांत कन्नड बोलायला शिकल्या होत्या. मला वाटतं, त्या दुष्काळात गावात खूश असलेलं माणूस त्या एकट्याच होत्या, आणि हे त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही. पाऊस पडल्यावर बाया शेतात गेल्या आणि बाई परत नकाशांच्या खोलीत.

मी सून म्हणून आले चौऱ्याहत्तर साली. लातूरची, बी.ए. झालेली, मराठी घेऊन. गावात पुस्तक वाचणाऱ्या दोनच बायका, एक मी आणि एक तारामतीबाई, तेव्हा आमचं जमणारच होतं. त्या रविवारी आमच्या ओसरीवर यायच्या. त्यांच्या चहाचा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो पायंडा अव्वांनी पाडला होता, पण अव्वा गेल्यावरही तो कप तिथंच राहिला, आणि तो धुऊन परत कोनाड्यात ठेवणारी मीच होते.

त्या पुस्तकानं बाई शिकवायच्या कशा, ते मी शाळेच्या खिडकीतून बघितलं आहे. नवीन आलेलं पोर तोंड उघडत नसलं की बाई त्याला मांडीशी घ्यायच्या, मस्टर उघडायच्या आणि त्याच्या आजीची ओळ शोधायच्या. "हे कोण? ही तुझी आजी." मग त्याचं बोट आजीच्या अंगठ्यावर ठेवायच्या. पोरगं बोट फिरवायचं. वाळलेल्या शाईचे ते वळसे त्याला ओळखीचे असल्यासारखे वाटत असतील की काय, कोण जाणे. बाई त्या ओळीतला पहिला शब्द कन्नडमध्ये वाचायच्या. आजीचा शब्द म्हटल्यावर पोर तो म्हणायचंच. मग त्याच रकान्यातला खालचा शब्द. जो घरी कुणी आरडून बोलवल्याशिवाय ओ देत नसे, तो नागुबाईचा नातू एका सकाळी एकतीसच्या एकतीस शब्द म्हणून घरी गेला. बाई म्हणायच्या, "पोराला भाषा नको असते असं नाही. त्याला वाटतं, ही कुणा परक्याची आहे. त्याला दाखवायचं की तुझ्या घरचं माणूस इथं आधी येऊन गेलंय."

ब्याऐंशी साली उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. गावात पेढे वाटले. नंतरच्या जानेवारीत लातूरला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. बाईंना वाटलं, तिथं कुणी पुस्तक बघेल आणि छापेल. एकच प्रत, देऊ नका, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "छापलं तर सरहद्दीच्या सगळ्या शाळांना जाईल. मी एकटीच किती दिवस धरून बसू?" त्यांनी पुस्तकाला नाव लिहिलेली चिठ्ठी टाचणीनं लावली आणि ते नेऊन दिलं.

चिठ्ठी गळाली. प्रदर्शन उठलं तेव्हा जुन्या-नव्या जिल्ह्यांच्या कागदांची वाटणी चालू होती. कुणाच्या तरी हाती मस्टर लागलं. एकाखाली एक नावं, रकाने, अंगठे. त्यानं ते दुष्काळी कामाच्या मस्टरांच्या गठ्ठ्यात बांधलं, आणि तो गठ्ठा उस्मानाबादला गेला. कुणाचं चुकलं म्हणायचं? मी असते तरी तेच केलं असतं. बाईंना हे कळायला सात महिने आणि लातूरच्या अकरा खेपा लागल्या.

त्याच जूनमध्ये आमची दानम्मा पहिलीत गेली होती. सहा वर्षांची. आजीच्या अंगावर वाढलेली, बोलायची ती कन्नड आणि तीही आजीशी. मी मराठीत विचारलं तर उत्तर आजीकडे बघून द्यायची. अव्वा एक्याऐंशी साली गेल्या, आणि त्यानंतर पोरगी हळूहळू गप्प होत गेली. घरी दोन-चार शब्द, शाळेत एकही नाही. जून, जुलै, ऑगस्ट. उदगीरच्या डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, काही नाही म्हणाले. हे म्हणायचे, बोलेल की, घाई काय आहे. मी तिच्या निजलेल्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायचे, झोपेत तरी काही बोलते का. बाईंनी सगळं करून बघितलं. गाणी झाली, गोट्या झाल्या. एक दिवस मला म्हणाल्या, "उमाबाई, हिला सिद्धम्मांची ओळ पाहिजे. माझ्याकडं ती असती तर मी इतके दिवस थांबले नसते."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी उस्मानाबादला गेलो. दानम्माला माझ्या आईकडे लातूरला ठेवलं.

दप्तरखान्याचे कारकून नरसिंगराव म्हणून होते. नाकावर चष्मा, बोलणं हळू. त्यांनी पहिला सबंध दिवस गठ्ठे सोडले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाईंनी उलटी शिवण ओळखली.

"हेच," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

नरसिंगरावांनी ते चाळलं. "बाई, हे तर शब्द आहेत."

"हाव. माझं पुस्तक आहे."

"यात तुमचं नाव कुठाय?"

नाव नव्हतंच. प्रत्येक शब्द ज्याचा त्याच्या नावावर लिहिला होता, आणि स्वतःचा म्हणावा असा एकही शब्द त्यांनी दिला नव्हता.

"मला पटतंय," नरसिंगराव म्हणाले. "पण हे जमा झालेलं मस्टर आहे. वर नंबर पडलाय. यातल्या अंगठ्यांची मी जबाबदारी घेतलीय. बाहेर द्यायला वरून लेखी लागेल, ते मिळेल न मिळेल. तुम्ही इथं बसून उतरून घ्या. उद्यापर्यंत बसा, परवापर्यंत बसा, मी नाही म्हणणार नाही. छप्पन्न पानं आहेत, मोजून देतो."

त्यांनी बोटाला थुंकी लावून आमच्यासमोर मोजली. बाईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. मी वाचायचं आणि त्यांनी लिहायचं. दुपारपर्यंत नऊ पानं झाली. शब्द उतरत होते. पण अंगठ्याच्या जागी बाई पेन टेकवायच्या, थांबायच्या, आणि तिथं नुसता एक गोल काढायच्या.

चार वाजता नरसिंगराव चहाला गेले. बाई हात धुवायला नळावर गेल्या. मी एकटी होते. सिद्धम्मांची ओळ सदतिसाव्या पानावर होती. पहिल्या पानावरचे त्यांचे रकाने कारकुनाच्या शाईनं खराब झाले म्हणून बाईंनी त्यांची ओळ पुन्हा लिहून घेतली होती, हे मला माहीत होतं. मी पान काढलं, ओळ बघितली, शेवटचा अंगठा बघितला. अव्वांच्या अंगठ्यावर विळ्याची एक जुनी खूण होती, आडवी. ती शाईत आली होती.

मी ते पान फाडलं. शिवण जुनी होती, आवाजसुद्धा झाला नाही. घडी करून पोलक्यात ठेवलं. बाई पदराला हात पुसत आल्या तेव्हा मी अकरावं पान वाचत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर टेबलावर पुस्तक नव्हतं. नरसिंगराव कपाटाला पाठ लावून उभे होते.

"काल तुम्ही गेल्यावर मोजलं," ते म्हणाले. "पंचावन्न."

"बांधाबांधीत गळालं असेल," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्यासमोर मोजून दिलं होतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. पान माझ्या पोलक्यातच होतं. तेव्हाच काढून दिलं असतं तर, हा विचार मी पुढं किती वेळा केला त्याला मोजमाप नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं फक्त दानम्माचं मिटलेलं तोंड होतं.

"माझ्याकडून फाटलं," बाई म्हणाल्या. "चूक झाली."

"मग द्या. मी डिंकानं चिकटवतो. कुणाला कळायचं नाही. पुढचं उतरून घ्या."

बाई म्हणाल्या, "नाही आता माझ्याकडं."

ते खरंच होतं. नरसिंगरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, रागापेक्षा जास्त. "मग मला लिहून ठेवावं लागेल," ते म्हणाले, "आणि तुम्हाला इथं बसता येणार नाही."

आम्ही लातूरच्या एसटीत बसलो. औसा गेल्यावर मी घडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, खिडकीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली, आणि पाठपोट वाचली.

"मागच्या बाजूला पाच जणी आहेत," त्या म्हणाल्या. "पुढं सात. बाराजणींची नातवंडं शिकतील यावर." मग घडी घालत, "बाकीच्या तिथंच राहिल्या."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी बाईंनी दानम्माला मांडीशी घेतलं. मी खिडकीत होते. पोरीचं बोट अंगठ्यावर ठेवलं. तिनं ती आडवी खूण दोनदा चाचपली. बाईंनी शब्द वाचला नाही, नुसतं बोट रकान्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेरच्या लिंबाखाली दाखवलं.

"नेरळु," दानम्मा म्हणाली.

"आणि शाळेत?"

तिनं बोट खालच्या शब्दावर नेलं. "सावली."

त्यानंतर माझ्या मुलीनं इतकं बोलून घेतलं आहे, की मीच कधी कधी म्हणते, पुरे. पण त्या वर्षी पहिलीत आणखी तीन पोरं गप्प होती. त्यांच्या आज्या उस्मानाबादच्या कपाटात होत्या. बाईंनी जिवंत असलेल्या बायांकडे पुन्हा जाऊन नवं पुस्तक करून बघितलं. संध्याकाळी नवी वही घेऊन दारोदार उभ्या राहायच्या. तोवर पाऊसपाणी बरं होतं, शेतं पिकत होती, पोरीबाळींची लग्नं निघत होती. "उद्या या बाई, आज तूर काढून राहिलोय." दुष्काळात बायांना जेवायची सुट्टी होती. आता सुट्टीच नव्हती. दोन महिन्यांत चार ओळी झाल्या, आणि त्यातही कुणी एकतीस भरले नाहीत.

सत्त्याऐंशीला त्यांची बदली निलंग्याकडे झाली. निघायच्या दिवशी आमच्या ओसरीवर आल्या आणि ते पान माझ्या हातात ठेवलं. "तुमच्या अव्वांचं आहे. तुमच्याकडं राहू द्या." मी ठेवलं. पत्रं सुरुवातीला जायची-यायची, मग दिवाळीला एक, मग तेही नाही.

त्या निवृत्त होऊन अहमदपूरला एका खोलीत राहतात, हे मला गेल्या वर्षी कळलं. भेटायला गेले. गुडघे गेलेत, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय. भाऊ त्याच गावात आहे, पण बाईंचं दार लोटलेलंच असतं. टेबलावर कागदांची फाइल होती. "बघा हवं तर," म्हणाल्या, "माझे अर्ज." दर दिवाळीच्या सुट्टीत एक, पुस्तक बघू देण्याबद्दल. नक्कल प्रत खाली ठेवलेली. मोजले नाहीत, पण वीसच्या वर असतील. त्यांत एकच उत्तर होतं, अठ्ठ्याऐंशी सालचं. गहाळ पान क्रमांक सदतीस जमा केल्यास मस्टर अवलोकनार्थ उपलब्ध करून देता येईल.

मी ते दोनदा वाचलं.

"बाई, हे आलं तेव्हा मला का नाही कळवलंत? पान माझ्याच कपाटात होतं."

"माहीत होतं की."

"मग?"

"दिलेली वस्तू परत कशी मागायची?" त्या म्हणाल्या. "आणि मागितलं असतं तर तुम्हाला तिथं जाऊन सांगावं लागलं असतं, कुणी फाडलं ते."

एवढ्यासाठी वीस वर्षं. मी आलेला चहा तसाच ठेवून उठले.

पान माझ्याकडे नव्हतं. दानम्मा लग्न होऊन नांदेडला गेली तेव्हा घेऊन गेली होती. तिनं त्याला काच लावून घेतलीय. मी फोन केला.

"आजीचा अंगठा कचेरीत नेऊन द्यायचा?" ती म्हणाली. "त्यांना काय त्याचं?"

"त्यांना काही नाही. बाईंना आहे."

"आई, माझ्याकडं आजीचं दुसरं काहीच नाही."

तिला हे आधी कधी सांगितलं नव्हतं, पान कसं आलं, कुणी कुणाचा दोष अंगावर घेतला. ते त्या दिवशी सांगितलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "ये आणि घेऊन जा. मला पाठवायला जमणार नाही." गेले तेव्हा तिनं काच काढून ठेवली होती. आम्ही दोघी जेवलो. ती माझ्याशी नेहमीसारखं बोलली नाही. तिच्या घरातून निघताना मला त्याचीच काळजी लागली होती आणि अजूनही आहे.

अर्ज मी माझ्या नावानं लिहिला. उमादेवी, राहणार अमुक, सदर पान मी स्वतः फाडून नेले होते, श्रीमती तारामती यांचा त्यात काही संबंध नाही. नरसिंगराव केव्हाच निवृत्त झाले. आता तिथं एक तरुण माणूस आहे. त्यानं कपाट उघडलं. दुष्काळातली बाकीची मस्टरं मुदत संपली म्हणून कधीच नष्ट केली होती. हे एक तेवढं राहिलं होतं, कारण पान गहाळ असल्याचं प्रकरण त्यावर चालू होतं. त्यानं पान जागेवर ठेवलं आणि बोटाला थुंकी न लावता मोजलं. मला पावती दिली.

अहमदपूरला शेजाऱ्यांच्या फोनवर बाईंना बोलावून घेतलं. यायला वेळ लागला. सांगितलं, पान जमा झालं, बसून बघता येईल, उतरूनही घेता येईल.

"मोजलं का त्यानं?" बाईंनी विचारलं.

"मोजलं. छप्पन्न."

"मग मंगळवारी जाऊ. मी लातूरला साडेआठच्या गाडीनं उतरते." मग म्हणाल्या, "आणि उमाबाई, या खेपेला तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"बसते," मी म्हटलं.